वेळेसकट कौतुक

मंगळवार, दिनांक १८ नोव्हेंबर, दुपारचे तीन वाजून सतरा मिनिटे.

पत्र लिहायला घेतल्याची ही वेळ नाही. पत्र मी आज बुधवारी संध्याकाळी, दिवेलागणीच्या आत संपवायचं ठरवून बसले आहे. वरची वेळ तू काल शिक्षकांच्या सभेत, हातात चहाचा कप धरून, हसत हसत जे बोललीस त्याची आहे. (सभेच्या खोलीतलं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे. ती वजा करून लिहिली आहे.)

चि. भाचीस मावशीचे आशीर्वाद. तुझा खोकला कमी झाला असेल अशी आशा करते. नसेल तर तो औषधाने जाणार नाही, दिवसभर बोलणं बंद केल्याने जाईल, आणि ते तुझ्याच्याने होणार नाही, म्हणून गरम पाणी पीत राहा. तुझ्या आईचे गुडघे जसे होते तसेच आहेत. ती रोज फोन करून एकेकाचं वेगवेगळं सांगते. माझी प्रकृती विचारशील तर डावा खांदा धरला आहे. तो का धरला ते पुढे ओघात येईल. फोन सोडून पत्र का लिहिते, असं तू म्हणशील. फोनवर तू ‘मावशी, एकच मिनिट हं’ म्हणतेस आणि मी ते मिनिट मोजत बसते. गेल्या रविवारचं एकोणीस मिनिटांचं भरलं. पत्राला ‘एक मिनिट’ म्हणता येत नाही.

आता मूळ मुद्दा. पण त्याआधी मी तुझ्या शाळेत आले कशी, ते तुला आठवण करून देणं भाग आहे, कारण काल सभेत तू ते ‘मावशींना घरी करमत नव्हतं’ अशा चार शब्दांत उरकलंस. मला घरी उत्तम करमत होतं. तूच जूनमध्ये आमच्याकडे येऊन सोफ्यावर आडवी झालीस आणि म्हणालीस की ग्रंथालय उघडायला माणूस नाही, आठवड्यातून तीन दिवस ये, पुस्तकं काय, लावून ठेवायची. मी आले. पहिल्याच दिवशी तू व्हरांड्यातून ‘मावशी’ अशी हाक मारलीस आणि दोन मावश्या धावल्या, एक मी आणि एक शाळेच्या सेविका मावशी. (त्या माझ्यापेक्षा लवकर पोचल्या. त्यांचे गुडघे चांगले आहेत.) तेव्हापासून तू मला चारचौघांत ‘आमच्या मावशी’ म्हणतेस आणि मी तुला, मुख्याध्यापिका म्हणून, मॅडम म्हणते. मला त्याचं काही वाटत नाही. तुझी दुपटी मी धुतली आहेत हे मी शाळेत एकदाच सांगितलं, तेही खेळाच्या सरांनी विचारलं म्हणून.

मग ऑगस्टमध्ये संस्थेने ठरवलं की यंदाचं वर्ष मुलांच्या आणि शिक्षकांच्या मनःस्वास्थ्याचं. कल्पनेला माझा विरोध नव्हता आणि नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मन नावाचा अवयवच नव्हता. पाठ होती, ती ताठ ठेवायची, आणि नखं होती, ती कापायची. त्यामुळे कोणी मुलांच्या मनाची चौकशी करतंय याचा मला आनंदच झाला. पण ती चौकशी करायला जो सल्लागार आला, त्याने गालाला माईक चिकटवून सगळ्या शिक्षकांना एका शनिवारी सकाळी नऊपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत बसवून ठेवलं आणि सुट्टीच्या दिवशी काम करू नका, असं शिकवलं. तिसऱ्या तासाला त्याने सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले. चौथीच्या बाईंनी मिटले ते मिटलेच. त्यांना जेवणाच्या वेळी उठवावं लागलं, आणि माझ्या मते त्या दिवसाचा खरा फायदा तेवढा एकच झाला. जाताना त्याने बेचाळीस प्रश्नांचा एक फॉर्म दिला. तो दर आठवड्याला भरायचा. प्रश्न सतरावा, ‘तुम्हाला कागदोपत्री कामाचा ताण जाणवतो का?’ हा फॉर्म भरायला शिक्षकांना पाऊण तास लागतो. मी मोजला आहे.

मुलांसाठी दहा वाजताची श्वासाची घंटा आली. घंटा झाली की शाळेतल्या एकूण एक माणसाने दोन मिनिटं डोळे मिटून श्वास घ्यायचा. पहिल्या आठवड्यात ते फार सुंदर दिसलं, मी ग्रंथालयाच्या दारातून पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात पहिलीतल्या एका चिमुरडीच्या लक्षात आलं की या दोन मिनिटांत सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात आणि सगळ्यांचे डबे मागच्या कट्ट्यावर असतात. ती चार दिवस बिनबोभाट जेवली. पाचव्या दिवशी सापडली तेव्हा तोंड पुसून म्हणाली, ‘बाई, मी श्वासच घेत होते.’ (या मुलीचं पुढे चांगलं होणार.)

त्याच सुमारास मी शिक्षकांच्या खोलीत सहज विचारलं होतं की अहो, तुमचं स्वास्थ्य कशाने सुधारेल ते तरी सांगा. दोनच गोष्टी निघाल्या. बाथरूमच्या दाराला आतून कडी हवी, आणि डबा खाताना अर्धा तास कोणी हाक मारायला नको. तुला मी हे त्याच दिवशी सांगितलं. तू वहीत लिहून घेतलंस. कडी अजून नाही. बाई अजून एकमेकींना दाराशी उभं करून जातात.

या सगळ्याच्या शेवटी आली ती कौतुकपेटी. बुटांचं खोकं, त्याला सोनेरी कागद, वर फट. दर आठवड्याला प्रत्येकाने एका सहकाऱ्याबद्दल एक चांगली गोष्ट चिठ्ठीवर लिहून, नाव न घालता, पेटीत टाकायची. गुरुवारी पेटी उघडून चिठ्ठ्या ज्याच्या त्याच्या खणात ठेवायला ‘तटस्थ व्यक्ती’ हवी होती. ती मी. पहिल्या गुरुवारी अकरा चिठ्ठ्या निघाल्या, अकराच्या अकरा तुझ्या नावाने. ‘आपल्या कुशल मार्गदर्शनाखाली’ हे शब्द नऊ चिठ्ठ्यांत होते. तुला लाज वाटली, हे तुझं चांगलं. तू दुसऱ्याच दिवशी सांगितलंस की मला कोणी लिहू नका, एकमेकांना लिहा. त्याचा परिणाम असा झाला की पुढच्या गुरुवारी पेटी रिकामी.

रिकामी म्हणजे अगदी रिकामी नव्हे. एक चिठ्ठी क्लार्कने स्वतःलाच लिहिलेली होती आणि एक डब्याचं झाकण हरवल्याची सूचना होती. मी अकरा खणांसमोर उभी राहिले. शिक्षक एकेक करून येत होते, आपल्याला काही घ्यायचंच नाही अशा चेहऱ्याने खणात डोळा टाकत होते आणि डस्टर उचलून जात होते. तिसरीच्या बाईंनी तर दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा त्यांनी खणात हात घालून अगदी मागपर्यंत चाचपलं.

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन अकरा चिठ्ठ्या लिहिल्या. हा माझा गुन्हा. तो मी कबूल करते, त्यासाठी सभा घ्यायची गरज नव्हती.

निनावी पत्र ही काय चीज आहे, हे मला तू शिकवू नयेस. आमच्या सिस्टर निनावी चिठ्ठी लिहिणारी मुलगी आणि खिडकीतून थुंकणारी मुलगी एकाच बाकावर बसवायच्या. त्यात माझं अक्षर लपणारं नाही; सिस्टरनी पट्टीच्या जोरावर घडवलेलं आहे, ते दहा अक्षरांत ओळखू येतं. म्हणून मी डाव्या हाताने लिहिलं. नऊ आठवडे, एकूण एकोणसाठ चिठ्ठ्या, कधी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, कधी औषधाच्या खोक्याच्या आतल्या बाजूला. डॉक्टरांनी विचारलं की या वयात डाव्या खांद्यावर एवढा ताण कशाने, तर मी सांगितलं, कौतुकाने. त्यांनी एक मलम दिलं आणि मुलाला सोबत घेऊन या म्हणाले.

पण मी खोटं एक अक्षर लिहिलं नाही. तेहतीस वर्षं मी हवामान कार्यालयात निरीक्षणं नोंदवली. पाऊस पडला तर किती पडला ते लिहायचं, नाही पडला तर शून्य लिहायचं. ‘बरा पडला असावा’ असं लिहिणाऱ्याला आमच्याकडे फायली बांधायला बसवत. त्यामुळे ज्याचं जे पाहिलं तेच लिहिलं. खेळाच्या सरांना लिहिलं, ‘सोमवार, ११.१५. आज शिट्टी एकदाच वाजली. आभारी आहे.’ क्लार्कला लिहिलं, ‘शुक्रवार, १.०५. पालकाला खुर्ची दिलीत. तिच्यावरच्या फायली आधी उचलल्यात, हे विशेष.’ गाण्याच्या बाईंना लिहिलं, ‘बुधवार, ९.३०. आज मुलं सुरात होती. तुम्हीही जवळपास होतात.’ (यात त्यांना काय लागलं ते मला अजून कळलेलं नाही.)

आणि इथेच माझं चुकलं. हात बदलला, कागद बदलला, शाई बदलली, पण वेळ घालायची सवय गेली नाही. वेळेशिवायची नोंद म्हणजे आमच्याकडे ऐकीव गप्पा. एकोणसाठच्या एकोणसाठ चिठ्ठ्यांवर मी वार, तास आणि मिनिटं घातली, आणि हे निनावी राहील असं नऊ आठवडे मनापासून समजत होते. खेळाच्या सरांनी आणि क्लार्कने डबा खाताना चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या, त्यांना दिसलं, ते तुझ्याकडे आले. इथपर्यंत सगळं रीतसर.

त्यानंतर तू काय करायला हवं होतंस? मला ऑफिसात बोलवून झापायचं. मी ऐकून घेतलं असतं (पूर्ण नाही, पण बरंचसं). त्याऐवजी तू सभेत, निकालाच्या तक्त्यांनी सगळे आंबून गेलेले पाहून, जरा हसू यावं म्हणून म्हणालीस, ‘आपल्या कौतुकपेटीचं एक गुपित फोडते. ज्या ज्या चिठ्ठीवर वेळ आहे ना, त्या सगळ्या आमच्या मावशींच्या.’ सगळे हसले. खेळाचे सर तर टेबलावर थाप मारून हसले. मलाही, खरं सांगायचं तर, क्षणभर हसू आलं.

तिसरीच्या बाई हसल्या नाहीत. तू तेव्हा चहात साखर ढवळत होतीस म्हणून तुला दिसलं नाही, मी समोर होते. त्यांनी पर्समधून चष्म्याचं घर काढलं. त्यात चष्म्याखाली आठ चिठ्ठ्या घडी करून ठेवलेल्या होत्या. एकेक उलगडून त्यांनी फक्त वरचा कोपरा पाहिला. आठहीवर वेळ होती. परत घडी घातली, घर बंद केलं, आणि ‘माझा वर्ग एकटा आहे’ म्हणून उठल्या. त्या वेळी त्यांचा वर्ग सुटून तास झाला होता.

आज सकाळी साडेनऊला त्यांनी तुझ्या टेबलावर राजीनामा ठेवला. कारण, कौटुंबिक. तो तू शुक्रवारी चार वाजता संस्थेच्या सभेत मंजुरीला ठेवणार आहेस, हे मला सेविका मावशींकडून कळलं. (सगळं त्यांच्याकडूनच कळतं. कौतुकपेटी त्यांच्याकडे द्यायला हवी होती.)

या बाई तुझ्या शाळेत बारा वर्षं आहेत. तुला त्यांच्याबद्दल काय माहीत आहे, सांग. वेळेवर येतात, तक्रार नाही, एकेचाळीस मुलं. मी सप्टेंबरमध्ये पुस्तकं द्यायला त्यांच्या वर्गात जायला लागले. तिथे एक मुलगी आहे, जिला मोठ्याने वाचायला सांगितलं की घशात अक्षर अडकतं आणि मागचे बाक खिदळतात. तिची वाचायची पाळी आली की बाईंचा चष्मा हरवतो. दर वेळी. ‘अरे, माझा चष्मा कुठे गेला, आता मला दिसणार कसं, चला, ही सगळी रांगच एकदम वाचा पाहू.’ सगळी रांग वाचते, ती मुलगी त्यांच्या आवाजाच्या आडोशाने वाचते, आणि चष्मा टेबलाच्या खणात असतो. मी खण उघडा असताना पाहिला आहे. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती रांग वाचता वाचता हळूहळू थांबत गेली, कशी कोणास ठाऊक, आणि शेवटच्या दोन ओळी ती मुलगी एकटी वाचत होती. तिला स्वतःला ते कळलं नव्हतं. बाई खाली वाकून टेबलाखाली चष्मा शोधत होत्या. मंगळवार, १०.५२. ही मी त्यांना लिहिलेली चौथी चिठ्ठी.

आधी बाई वर्गात एकट्या डबा खायच्या, त्या तेव्हापासून शिक्षकांच्या खोलीत येऊन खायला लागल्या. कोणाशी तरी बोलतानाही दिसल्या. मला वाटलं, चला, खांदा गेला पण काम झालं.

आज दुपारी मी त्यांना जिन्यात गाठलं. रागावलात का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, ‘नाही हो मावशी. तुम्ही लिहिलं ते खरंच होतं. फक्त मला वाटलं होतं की ते आठजणांना दिसलंय.’

मी तेहतीस वर्षं ढगांकडे पाहिलं आहे, माणसांचं मला तेवढं कळत नाही. मी म्हटलं, राजीनामा परत घ्या. त्या म्हणाल्या, बारा वर्षांत एकालाही काही दिसलं नसेल तर माझ्यातच काही दिसण्यासारखं नसेल. आणि मला जपून उतरा म्हणून सांगितलं, पायरीचा कोपरा तुटला आहे म्हणून. (तोही बघून घे.)

तेव्हा माझ्या मागण्या अशा. काल तीन सतराला तू माझी जी थट्टा केलीस, तिच्याबद्दल तू त्याच खोलीत, तितक्याच माणसांसमोर माफी मागावीस. मला ‘घरी करमत नव्हतं’ हे विधान मागे घ्यावंस. कौतुकपेटी बंद करून त्या सोनेरी खोक्याऐवजी बाथरूमला कडी बसवावीस. आणि हे सगळं करणार की नाही ते मला लेखी कळवावंस. तू दमलेली आहेस हे मला माहीत आहे. शाळेत सगळेच दमलेले आहेत, त्यावरून कोणाला सूट मिळत नाही.

तुझी,
मावशी (सेविका नव्हे, दुसरी)

ता. क. वरच्या मागण्या पुन्हा वाचून पाहिल्या. माफीचं राहू दे. करमत नव्हतं हेही खरं आहे, जूनच्या आधी मी दुपारी रेडिओशी भांडत असे. कडी मात्र बसव. खरं काम एकच आहे. उद्या गुरुवारी तू तिसरीच्या दाराशी जाऊन उभी राहा, हातात फाईल न घेता, निदान वीस मिनिटं. काय पाहायचं ते मी सांगणार नाही. जे दिसेल ते तुझ्या अक्षरात लिही, खाली सही कर, आणि ते खणात न टाकता त्यांच्या हातात दे. काही दिसलंच नाही तर शून्य लिही आणि राजीनामा मंजूर कर. पण दिसेल.

ता. क. दुसरा. हे लिहू की नको, म्हणून मघापासून दोनदा चहा केला. पाचव्या आठवड्यात तुझ्या खणात एक चिठ्ठी आली होती. ‘तुम्ही उभ्यानेच बिस्किटं खाता. पाच मिनिटं बसत जा. आम्ही तेवढा वेळ सांभाळू.’ त्या संध्याकाळी तू मला फोन केलास, म्हणालीस की असं तूच लिहू शकतेस, मावशी, आणि बत्तीस मिनिटं बोललीस, एकदाही ‘एकच मिनिट’ न म्हणता. थोडी रडलीसही. ती चिठ्ठी काढून पाहा. तिच्यावर वेळ नाही. ती माझी नाही. मी तेव्हा गप्प बसले, कारण फोन ठेवावासा वाटत नव्हता. तेहतीस वर्षांत एक खोटी नोंद केली नव्हती, ती या शाळेत केली. अक्षर तिसरीच्या बाईंचं आहे.

उत्तर लेखी हवं. शुक्रवार, २१ नोव्हेंबर, दुपारी साडेतीनच्या आत.